कार्टूनच्या नकाशावर किन्हीराजा कुठे?

लहान मुलांच्या अ‍ॅनिमेशन मालिकांमधील प्रतिनिधित्वाचा आढावा

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात, मालेगावहून शेलूबाजारकडे जाणाऱ्या महामार्गावर किन्हीराजा हे गाव आहे. ढोलकपूर, फुरफुरी नगर आणि मिर्ची नगर ही गावे कोणत्याही नकाशावर नाहीत. तरीही महाराष्ट्रातील चार-पाच वर्षांच्या मुलाला शेजारच्या तालुक्याचे नाव सांगता येणार नाही, पण ही तीन नावे तो अचूक सांगेल. पहिल्या गावात छोटा भीम राहतो, दुसऱ्यात मोटू-पतलू आणि तिसऱ्यात लिटल सिंघम. या गावांत लाडू आहेत, समोसे आहेत, चोर-पोलीस आहेत, राजवाडेही आहेत. फक्त किन्हीराजासारख्या गावात राहणारी माणसे तिथे फारशी भेटत नाहीत.

बालअ‍ॅनिमेशनमधील 'वैविध्यपूर्ण प्रतिनिधित्व' हा विषय गेल्या काही वर्षांत जगभर चर्चेत आला. पडद्यावरचा नायक कोण, त्याचे नाव काय, तो कोणत्या रंगाचा, कोणती भाषा बोलतो, तो मुलगा की मुलगी, त्याला एखादे अपंगत्व आहे का, तो कोणत्या घरात राहतो आणि खलनायकाच्या वाट्याला यांतले काय येते, असे अनेक प्रश्न या एका शब्दप्रयोगात सामावलेले आहेत. आपल्याकडे ही चर्चा अमेरिकेतून आली असा समज आहे. प्रत्यक्षात या विषयावरील जगातील काही महत्त्वाचे प्रयोग भारतात, आणि त्यातही मुंबईत, फार पूर्वी झाले आहेत. ते का थांबले आणि त्यांच्या जागी काय आले, हे पाहिल्याशिवाय आजच्या कार्टूनचे चित्र पूर्ण होत नाही.

आरसा आणि खिडकी

शाळेत जाण्यापूर्वीच मूल माणसांची वर्गवारी करू लागते. केनेथ आणि मेमी क्लार्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दाम्पत्याने १९४०च्या दशकात कृष्णवर्णीय मुलांसमोर गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. यातली चांगली कोणती, वाईट कोणती, खेळायला कोणती आवडेल, असे प्रश्न विचारले. तीन ते सात वर्षांच्या त्या मुलांपैकी बहुसंख्यांनी गोरी बाहुली निवडली. आपल्याच रंगाची बाहुली त्यांना 'वाईट' वाटली. शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणाऱ्या १९५४च्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात या संशोधनाचा आधार घेतला गेला.

रुडीन सिम्स बिशप या अभ्यासिकेने १९९०मध्ये बालसाहित्याविषयी लिहिताना आरसा आणि खिडकी अशी दोन रूपके वापरली. मुलाला पुस्तकात स्वतःचे जगही दिसावे आणि दुसऱ्याचेही दिसावे, असा त्यांचा आग्रह होता. नुसता आरसा मिळालेले मूल जग म्हणजे आपणच असे समजू लागते. नुसती खिडकी मिळालेल्या मुलाची समजूत अशी होते की, गोष्टी नेहमी दुसऱ्यांच्याच असतात. पुस्तकाला लागू होणारे हे सूत्र दूरचित्रवाणीला अधिकच लागू होते, कारण तीन वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही. कार्टून पाहता येते.

आपल्याकडे या प्रश्नाला रंगाची बाजू आहेच. गोरा वर्ण आणि निळे डोळे यांचे कौतुक करणारे इंग्रजी बडबडगीत मराठी मुलांना बालवाडीत पाठ करून घेतले जाते, आणि ते म्हणणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ कोणाचेच डोळे निळे नसतात. पण भारतात रंगाखेरीज जात, धर्म, बोली आणि शहर-खेडे असे आणखी किती तरी पदर आहेत.

एका जिल्ह्यातील मुले

वाशीमचेच उदाहरण घेऊ. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १२ लाख, आणि त्यातील पाचांपैकी चार जण खेड्यात राहणारे. सोयाबीन आणि तूर ही इथली प्रमुख पिके. २०१८मध्ये केंद्र सरकारने विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांची 'आकांक्षित जिल्हे' म्हणून यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेल्या चार जिल्ह्यांत वाशीम होता.

या जिल्ह्यात वऱ्हाडी बोलणारी कुणब्यांची घरे आहेत, बौद्ध वस्त्या आहेत, मुस्लिम मोहल्ले आहेत, आंध या अनुसूचित जमातीची कुटुंबे आहेत. बंजारा समाजाची काशी मानले जाणारे पोहरादेवी हे तीर्थक्षेत्र मानोरा तालुक्यात आहे. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते, गावात वऱ्हाडी ऐकते, अंगणवाडीत प्रमाण मराठीशी त्याची गाठ पडते आणि दूरचित्रवाणीसमोर बसले की हिंदी. सहा वर्षांचे होईपर्यंत चार भाषांमधून वाट काढणारे हे मूल कोणत्याही अर्थाने 'मागास' म्हणता येणार नाही. मात्र त्याच्यासारखे चार भाषांतून वाट काढणारे पात्र त्याने कार्टूनमध्ये कधी पाहिलेले नसते.

सरकारी पैशाचा काळ

भारतीय अ‍ॅनिमेशनचा उगम मराठी माणसाच्या हातून झाला. दादासाहेब फाळके यांनी १९१५च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात काड्यापेटीतल्या काड्या पडद्यावर नाचवल्या. मात्र मुलांसाठी नियमित काम सुरू होण्यास स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडावा लागला. फिल्म्स डिव्हिजनने मुंबईत कार्टून फिल्म युनिट उभारले आणि १९५६मध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स यांनी तेथील कलावंतांना प्रशिक्षण दिले. त्याच वर्षी राम मोहन नावाचा तरुण या युनिटमध्ये दाखल झाला. त्याच्याविषयी पुढे येईलच.

या काळातील सर्वांत लक्षात राहिलेली निर्मिती म्हणजे 'एक अनेक और एकता' हा १९७४चा लघुपट. मुंबईत जन्मलेल्या आणि 'अक्का' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विजया मुळे यांनी तो दिग्दर्शित केला. चित्रांकन भीमसैन यांचे, संगीत वसंत देसाई यांचे, आणि गाण्यातला मुख्य बालस्वर पुढे पार्श्वगायिका म्हणून नावारूपाला आलेल्या साधना सरगम यांचा. ताई आपल्या लहान भावंडांना 'एक' आणि 'अनेक' यांतला फरक समजावून सांगते. पारध्याच्या जाळ्यात सापडलेल्या चिमण्या एकजुटीने जाळ्यासकट उडून जातात. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर तो इतक्यांदा दाखविला गेला की, त्या पिढीतील बहुतेकांना तो आजही तोंडपाठ आहे.

या लघुपटामागचा उद्देश करमणुकीपुरता नव्हता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचविण्याचा 'साइट' हा प्रयोग झाला. सकाळचे कार्यक्रम खेड्यातील मुलांसाठी असत आणि विजया मुळे त्या कामाशी निगडित होत्या. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण खेड्यातील मूल हाच प्रेक्षक धरून कार्यक्रम करायचा, हा विचार त्यातून रुजला. १९८४मध्ये पुण्यात राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच 'बालचित्रवाणी', सुरू झाली आणि मराठी मुलांसाठी मराठीतून कार्यक्रम नियमितपणे तयार होऊ लागले. २०१७मध्ये ही संस्था बंद करण्यात आली.

त्या काळातील निर्मितीच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. 'अनेकते'ची व्याख्या बहुधा पोशाखापुरती असे. फेटा घातलेला एक, टोपी घातलेला एक, कोट घातलेला एक, अशी रांग उभी केली की देश पूर्ण झाला. जातीचा उल्लेख नसे आणि बोली ऐकू येत नसे. उपदेशाचा सूर तर कायमच असे. तरीही प्रेक्षक कोण, हे ठरविताना त्याच्या खिशाचा विचार होत नसे.

मीना: आधी विचारले, मग रेखाटले

या विषयावरील भारतीय उपखंडातील सर्वांत महत्त्वाचा प्रयोग म्हणजे 'मीना'. सार्क राष्ट्रांनी १९९१ ते २००० हे दशक 'बालिका दशक' म्हणून जाहीर केले. युनिसेफने त्या निमित्ताने दक्षिण आशियातील मुलींसाठी एक अ‍ॅनिमेशन नायिका उभी करण्याचे ठरविले. तिच्या चित्रणाचे काम मुंबईतील राम मोहन आणि त्यांच्या स्टुडिओकडे आले. आरंभीच्या निर्मितीत मनिला येथील हॅना-बार्बेरा स्टुडिओचाही सहभाग होता.

अडचण उघड होती. भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि नेपाळ या चारही देशांतील मुलींना आपली वाटेल अशी मुलगी कशी काढायची? साडी नेसवली तर ती एका समाजाची होते, सलवार-कमीज घातली तर दुसऱ्या. मग लांब घागऱ्यासारखा परकर आणि वर साधा सदरा असा कोणालाच परका न वाटणारा पोशाख ठरला. नाव असे निवडले की, ते हिंदू घरातही चालेल आणि मुस्लिम घरातही. चेहरा, घर, अंगण, सोबतचा प्राणी या सगळ्यांची रेखाटने गावोगावच्या मुलांना आणि पालकांना दाखवून त्यांची मते घेण्यात आली. मगच मीना, तिचा भाऊ राजू आणि मिठू नावाचा पोपट कायम झाले.

पहिल्याच गोष्टीत मीनाला शाळेत पाठवत नाहीत. ती मिठूला वर्गाच्या खिडकीशी पाठवते, तो पाढे ऐकून येतो आणि तिला शिकवतो. त्या गणिताच्या बळावर कोंबड्या मोजताना एक कमी असल्याचे तिच्या ध्यानात येते आणि चोर सापडतो. दुसऱ्या एका गोष्टीत आंब्याचा मोठा वाटा राजूला मिळतो. मग दोघे एक दिवस कामांची आणि ताटांची अदलाबदल करतात. संध्याकाळपर्यंत राजूला दमणेही कळते आणि भूकही. बालविवाह, हुंडा, अतिसार, एचआयव्ही असे विषय पुढच्या भागांत आले. हिंदी, बंगाली, उर्दू, नेपाळी अशा अनेक भाषांत मीना बोलली.

मीनाच्या नावाने महाराष्ट्रातील शाळांमध्ये पुढे 'मीना राजू मंच' सुरू झाले. मुलींची गळती, बालविवाह आणि घरकामाची वाटणी यांवर मुले-मुली त्यात एकत्र बोलतात. एका कार्टून पात्राच्या नावाने सरकारी शाळांत मंच चालावा, हे त्या पात्राच्या ताकदीचे प्रमाणपत्रच म्हणावे लागेल. राम मोहन यांना २०१४मध्ये पद्मश्री मिळाली. ११ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

बाजाराचा नायक

उपग्रह वाहिन्या आल्या आणि चित्र पालटले. कार्टून नेटवर्क १९९५मध्ये भारतात आले. पोगो आणि हंगामा २००४मध्ये सुरू झाल्या, डिस्ने चॅनेलही त्याच वर्षी डिसेंबरात. सुरुवातीची वर्षे अमेरिकी आणि जपानी मालिकांच्या हिंदी रूपांतरांची होती. यातही एक गंमत आहे. १९९३च्या सुमारास दूरदर्शनवर 'द जंगल बुक' ही मालिका रविवारी सकाळी लागत असे. मोगलीचे ते जंगल म्हणजे विदर्भाला लागून असलेला सिवनीचा परिसर. आपल्या शेजारचे जंगल विदर्भातल्या मुलांनी कार्टूनमध्ये पाहिले, ते जपानमधील चित्रकारांनी काढलेले.

२००५मध्ये व्ही. जी. सामंत दिग्दर्शित 'हनुमान' हा अ‍ॅनिमेशनपट चालला आणि देशी नायकाला बाजार आहे, हे निर्मात्यांना पटले. २००८मध्ये हैदराबादच्या ग्रीन गोल्ड अ‍ॅनिमेशनने राजीव चिलका यांच्या कल्पनेतून साकारलेला 'छोटा भीम' पोगोवर आणला. त्यानंतर माइटी राजू, मोटू-पतलू, शिवा, लिटल सिंघम, रुद्र अशी रांगच लागली. परदेशी कार्टूनच्या जागी भारतीय घरे, भारतीय खाणे आणि भारतीय सण आले, ही या मालिकांची मोठी कामगिरी आहे. धोतर नेसणारा, लाडू खाऊन बळ मिळवणारा नायक मुलांनी दप्तरावर मिरवला. प्रतिनिधित्वाच्या वाटेवरचे ते पहिले पाऊल होते.

पण पुढचे पाऊल पडले नाही. वरची नावे पुन्हा वाचली, तर ती सगळी मुलांची किंवा पुरुषांची आहेत. छोटा भीमच्या टोळीतील चुटकी हुशार आणि धीट आहे. पण मालिकेचे नाव तिचे नाही. लाडू तिच्या आईच्या दुकानातले आणि पराक्रम भीमचा, अशी विभागणी बहुतेक भागांत दिसते. दांडगाई करणाऱ्या मुलाचे नाव कालिया आहे. 'मोटू-पतलू'मधील इन्स्पेक्टर चिंगम दाक्षिणात्य ढंगात हिंदी बोलतो आणि हशा त्या ढंगामुळेच उसळतो. त्याच मालिकेतील डॉनचे नाव जॉन आहे. यात कोणाचा दुष्ट हेतू आहे, असे म्हणण्याचे कारण नाही. हिंदी चित्रपटांचे जुने साचे कार्टूनमध्ये उतरले, एवढेच. मात्र चित्रपट पाहणाऱ्याला साचा ओळखता येतो. चार वर्षांच्या मुलाला तो साचा वाटत नाही. जग असेच असते, असे वाटते.

मुस्लिम, बौद्ध किंवा ख्रिस्ती नावाचा बालनायक या मालिकांत शोधावा लागतो. तांड्यावरचे, पाड्यावरचे किंवा ऊसतोडणीला गेलेल्या घरातले मूल तर शोधूनही सापडत नाही. चाकाच्या खुर्चीत बसलेले किंवा कानाला यंत्र लावलेले मूल आलेच, तर एखाद्या भागापुरते येते आणि सहानुभूती घेऊन जाते.

याची कारणे अर्थकारणात आहेत. अ‍ॅनिमेशन खर्चिक असते. एक भाग तयार करण्यास अनेक कलावंतांचे अनेक आठवड्यांचे श्रम लागतात. हा खर्च भरून काढायचा, तर तीच मालिका पंजाबपासून तामिळनाडूपर्यंत विकली गेली पाहिजे. मग गाव असे हवे की, ते कोणाचेच नसेल. म्हणूनच ढोलकपूर आणि फुरफुरी नगर. दप्तर, पाण्याची बाटली, कंपास यांवर नायकाचे चित्र छापून होणारी विक्रीही महत्त्वाची असते, आणि मुली मुलाचे चित्र असलेले दप्तर घेतात, मुलगे मुलीचे चित्र असलेले घेत नाहीत, हा व्यापाराचा जुना ठोकताळा आहे. हा ठोकताळा मुलगे जन्मतः शिकून येत नाहीत. मुलगी नायिका असलेली मालिका त्यांना दाखविली जात नाही, म्हणून तो टिकतो.

भाषेचा पडदा

मराठी मुलाच्या दृष्टीने सर्वांत मोठी उणीव भाषेची होती आणि बऱ्याच अंशी आजही आहे. कार्टून वाहिन्यांचे भारतीय ध्वनिमार्ग प्रथम हिंदीत आले, मग तामिळ आणि तेलुगूत. मराठी समजणाऱ्यांना हिंदीही समजते, या गृहीतकामुळे मराठी मागे राहिली. २०१७मध्ये सुरू झालेल्या सोनी ये या वाहिनीने पुढे आपल्या भाषांमध्ये मराठीचा समावेश केला. इतरांनीही तसे प्रयत्न केले. यूट्यूबवर मराठी बालगीतांची अ‍ॅनिमेशन आता विपुल आहेत.

तरी मराठी ध्वनिमार्ग मिळाला म्हणजे मराठी जग मिळाले, असे होत नाही. संवाद भाषांतरित होतात, घर तेच राहते. शिवाय ही मराठी प्रमाण भाषा असते. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणारा नायक नसतो. या बोली आल्याच तर विनोदी नोकराच्या तोंडी. 'मी असा बोलतो म्हणजे मी हसण्याजोगा आहे,' हा धडा मुलाला वेगळा शिकवावा लागत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने सुरुवातीच्या वर्षांत घरच्या भाषेतून शिकण्यावर भर दिला. शाळेसाठी मान्य झालेले हे तत्त्व दूरचित्रवाणीपर्यंत पोचलेले नाही.

एक वेगळी वाट छोटा भीमच्याच निर्मात्यांनी दाखविली. २०१९मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या 'माइटी लिटल भीम'मध्ये नायक रांगणारे बाळ आहे आणि मालिकेत संवादच नाहीत. भाषेची अडचण बाजूला सारल्यामुळे ती भारताबाहेरही मोठ्या प्रमाणावर पाहिली गेली. अंगण, चुली, मडकी, दिवाळी, होळी हे सारे भारतीय ठेवूनही जग जोडले गेले. स्थानिक असणे म्हणजे विक्रीला अडथळा, या समजुतीला यामुळे तडा गेला.

शैलीतून येणारे वैविध्य

प्रतिनिधित्व केवळ पात्रांतून येते असे नाही. ते रेषेतूनही येते. मुंबईच्या ग्राफिटी मल्टिमीडियाने बालचित्र समितीसाठी केलेली 'क्रिश, ट्रिश अँड बाल्टीबॉय' ही मालिका याचे उत्तम उदाहरण. माकड, मांजर आणि गाढव असे तिघे कथेकरी वेगवेगळ्या राज्यांतील लोककथा सांगतात आणि प्रत्येक कथा त्या त्या भागातील लोकचित्रशैलीत रेखाटलेली असते. २००९पासून ती कार्टून नेटवर्कवर दाखविण्यात आली. वारली, गोंड, मधुबनी यांसारख्या शैली भिंतीवरून पडद्यावर येऊ शकतात, हे अशा प्रयोगांनी सिद्ध केले. १९५५मध्ये स्थापन झालेली बालचित्र समिती २०२२मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.

बाहेरचे जग

परदेशातही हे सहज घडले नाही. नोव्हेंबर १९६९मध्ये अमेरिकेत 'सेसमी स्ट्रीट' सुरू झाली. गोरी आणि काळी माणसे एका गल्लीत गुण्यागोविंदाने राहताना दाखविल्यामुळे मिसिसिपी राज्याच्या शैक्षणिक दूरचित्रवाणी आयोगाने १९७०मध्ये ती रोखली. देशभर टीका झाल्यावर काही आठवड्यांतच बंदी मागे घ्यावी लागली. याच संस्थेची भारतीय आवृत्ती 'गली गली सिम सिम' २००६मध्ये आली. बाहुल्यांच्या या कार्यक्रमात शाळेचा गणवेश घातलेली, प्रश्न विचारणारी चमकी ही मुख्य पात्रांपैकी एक होती.

२०१२मध्ये डिस्नेने 'डॉक मॅकस्टफिन्स' आणली. खेळण्यांवर उपचार करणारी ही कृष्णवर्णीय मुलगी सर्व वर्णांच्या मुलांनी आपली मानली आणि तिची खेळणीही खपली. पाकिस्तानात २०१३मध्ये 'बुरखा अ‍ॅव्हेंजर' आली. तीतील शिक्षिका मुलींची शाळा बंद पाडणाऱ्यांशी पुस्तके आणि लेखण्यांच्या शस्त्रांनी लढते. ब्रिटनमधील 'पाब्लो' या २०१७च्या मालिकेचा नायक स्वमग्न मुलगा आहे आणि त्यातील पात्रांना स्वमग्न कलावंतांनीच आवाज दिले. २०२०मध्ये डिस्नेने भारतीय वळणाच्या जलपूर या काल्पनिक राज्यातील 'मीरा, रॉयल डिटेक्टिव्ह' आणली. भारतीय वेशातील ही मुलगी नायिका आपल्या पडद्यावर अमेरिकेहून यावी, हे पुरेसे बोलके आहे.

किन्हीराजाशी सर्वांत जवळचे नाते सांगणारी मालिका मात्र 'मॉली ऑफ डेनाली'. २०१९मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक वाहिनीवर आलेल्या या मालिकेची नायिका अलास्कातील एका लहानशा खेड्यात राहणारी आदिवासी मुलगी आहे. तिच्या आईवडिलांचे दुकान आहे. पत्र वाचणे, नकाशा पाहणे, माहिती शोधणे यांतून तिच्या गोष्टी घडतात. लेखक, सल्लागार आणि आवाज देणारे यांत अलास्कातील मूळ निवासींना स्थान देण्यात आले. खेडेही काल्पनिकच आहे. पण ते कोणाचे आहे, हे पहिल्या दृश्यात कळते. ढोलकपूर आणि या खेड्यात फरक आहे तो एवढाच.

आक्षेप आणि उत्तरे

या मागणीवर काही आक्षेप घेतले जातात. मुले रंग, जात, धर्म पाहत नाहीत. आपण कशाला शिकवायचे, हा पहिला. क्लार्क दाम्पत्याच्या बाहुल्यांनी त्याचे उत्तर कधीच दिले आहे. मुलांनी करमणूक करून घ्यावी, उपदेश नको, हा दुसरा आक्षेप. आणि तो रास्त आहे. मीनाची गोष्ट लक्षात राहते ती कोंबडीचोर सापडतो म्हणून. गोष्ट फसली, तर प्रतिनिधित्व वाचवत नाही. तिसरा आक्षेप दिखाऊपणाचा. एक मुस्लिम मित्र, एक अपंग मैत्रीण, एक आदिवासी शेजारी अशी यादी पूर्ण करण्यासाठी आणलेली पात्रे कागदी राहतात. हाही धोका खराच. त्यावरचा उपाय मीनाच्या निर्मात्यांनी घालून दिला आहे: ज्यांचे चित्र काढायचे, त्यांना आधी विचारायचे, आणि लिहिणाऱ्यांत त्यांना जागा द्यायची.

पुढे काय?

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०२५मध्ये अ‍ॅनिमेशन, दृश्यपरिणाम आणि गेमिंग क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. गुंतवणूक आणि रोजगार यांची गणना अशा धोरणात होतेच. त्या जोडीला राज्यातील मुलांसाठी, राज्याच्या भाषांत आणि बोलींत किती तासांची निर्मिती झाली, हेही मोजायला हवे. बालचित्रवाणी बंद झाल्यावर रिकामी राहिलेली जागा बाजार आपणहून भरणार नाही, हे एव्हाना स्पष्ट झाले आहे. वऱ्हाडी बोलणारी नायिका, तांड्यावरची गोष्ट, पाड्यावरचा विनोद यांसाठी सार्वजनिक पैसा लागेल आणि अंगणवाडीत जाऊन रेखाटने दाखविणारी माणसेही लागतील.

तोवर घरात करता येण्याजोगे बरेच आहे. मुलाच्या शेजारी बसून एखादा भाग पाहावा आणि नंतर पाच साधे प्रश्न स्वतःला विचारावेत.

१. गोष्टीतील अडचण कोण सोडवते, आणि मुलगी असेल तर ती केवळ मदतनीस आहे का?
२. वाईट माणसाचे नाव, रंग आणि बोलण्याची ढब कशी आहे?
३. कोणाच्या बोलण्याला किंवा शरीराला हसवले जाते?
४. घरकाम कोण करते?
५. आपल्या मुलाच्या वर्गातील सगळी मुले या गावात राहू शकतील का?

शेवटचा प्रश्न मुलालाही विचारण्यासारखा आहे. उत्तर 'नाही' आले, तर टीव्ही बंद करण्याची गरज नाही. कागद-पेन्सिल देऊन त्या गावात कोण कोण राहायला हवे, ते काढायला सांगावे. मीनाची सुरुवातही काही रेखाटने आणि ती पाहून मत देणाऱ्या मुलांपासूनच झाली होती.